तोंडाचा वास

राणीसावरगावाजवळची वाडी
१२ जानेवारी २०२५, रविवार

चि. आदिनाथ यास बापाचा आशीर्वाद,

इकडं आमी समदे ठीक हाओत. थंडी लय पडलीय. तांबड्या मेंढीला दोन कोकरं झाली, एक गारठून मेलं, एक शालूनं चुलीपाशी घेऊन बसून जगवलं. तुजा वाघ्या तू गेल्यापसून येशीत बसून ऱ्हायलाय, भाकर टाकली तरी उठंना. माज्या गुडघ्याची वाटी फुटलीय म्हनतेत, पलस्तर हाय. कुबडी घेऊन परसाकडं जातो. खांद्याचं हाड बसलं पन हात वर जाईना. ते आसू दे. मर्दाच्या जातीला आसलं चालायचंच, तू जिवाला लावून घेऊ नको.

पत्र रायभान काकाच्या हातानं पाठवायलोय. पोस्टात टाकलं आस्तं तर तिथल्या साहेबानं आधी वाचलं आस्तं. भेटीला आला की गुमान घे, वाच, फाड आन् संडासात टाक.

आता नीट ध्यान दे. काल किशनराव आलता. मागं सरपंच होता, त्याला कोर्टकचेरीचे समदे गल्लीबोळ ठावे हायेत. त्यो म्हनला, चंद्रभान, पोरगं सतरा वर्साचं हाय, केस बाल न्याय मंडळापुढं चालंल. त्याच्या आधी तिथं एक मॅडम पोराला समोर बसवून इचारते, कोन्ती नशा करतो, कवापसून करतो. तिथं आलेल्या समद्याच पोरांना इचारते. ती जे लिवील त्याच्यावर मंडळाचा लय इस्वास. पोरगं नशेत होतं आसं निघालं तर त्याला बिमार धरतेत, दवापानी करतेत, सोडून देतेत. शुद्धीत होतं आसं निघालं तर तीन वर्स घराचं नाव काढायचं न्हाई.

तवा लेका, तिनं काय बी इचारू दे, हो म्हनायचं.

तू जल्मात थेंब घेतला न्हाईस, म्हनून शिकवतो. कोन्ती पितो म्हनली तर देशी म्हन. इंग्लिश म्हनू नको, आपल्या तोंडाला शोभत न्हाई. चव इचारली तर सांग, कडू आस्ती, घशातून जळत खाली जाती आन् कान गरम होतेत. कोनासंगं म्हनली तर एकटाच म्हन, दुसऱ्याचं नाव घेतलं की त्याला बोलवून आनतेत. त्या दिवशी काय झालं म्हनली की मान खाली घालायची आन् "काई आठवत न्हाई मॅडम" एवढंच. लय सांगत बसू नको, खरा बेवडा सांगत बसत न्हाई. हात थोडा कापवायचा, लय कापवला की नाटक दिसतं. मी सांगतो तसं केलंस तर बाप जल्मी कोनी वळखनार न्हाई. मला आजवर कोनी वळखलं न्हाई. म्हंजी मी किती प्यालोय ते.

आपल्या वाडीचा रिवाज तुला ठावा हाय. पिऊन केलेल्या गुन्ह्याला मानूस जिम्मेदार न्हाई. सकाळी देवळापुढं बसायचं, सटवाजी आबा डोक्यावर थंड पान्याची घागर ओततेत, "उतरली" म्हनतेत, नारळ फोडतेत, मिटलं. महारुद्रानं भावजयीचा हात पिरगाळून मोडला तवा घागर ओतली. मी तुज्या आईला झिंज्या धरून विहिरीच्या कठड्यावरून खाली लोंबवलं तवाबी ओतलीच की. पुन्हा कोनी टोचून बोललं न्हाई. पन योगीराजाचं काय झालं? दारूला शिवत नव्हता आन् बायकोला कोयत्यानं हानली. शुद्धीत हानली म्हनून वाळीत टाकला, मेंढरं इकून परागंदा झाला बिचारा. वाडी आसो का मंडळ, मानसं सारखीच आस्तेत.

तुजी आई पोखर्णीला मामाकडं हाय. डोळ्याला जरा लागलंय, दवा चालू हाय. तिनं पोलिसांना सांगितलंय, मी चुलीवर पडले. तूबी तेच धर. त्या दिवशी मी लय प्यालो होतो. शालूला बगायला पाव्हने आले, गेले, तिथून पुढचं मला काई ध्यानात न्हाई. दिवाळीत पोखर्णीच्या नरसिंहापुढं घेतलेली दारू सोडायची शपथ चंद्रभाननं मोडली म्हनून गाव नावं ठिवायलंय, ठिवू दे. दोघंबी नशेत होतो म्हनलं की बाप-लेकाचं भांडन, झालं गेलं गंगेला मिळालं.

शाळेची पुस्तकं शालूनं बांधून ठिवलीत. बारावीचं वर्स हाय तुजं. मॅडमला हो म्हन. जिंदगीत एकदा तरी बापाचं आईक.

तुजा बाप
चंद्रभान


निरीक्षणगृह, परभणी
२३ जानेवारी २०२५

ती. दादांस नमस्कार,

तुमचं पत्र काकांनी दिलं. वाचलं, फाडलं, संडासात टाकलं. तेवढं तुमचं ऐकलं.

पलस्तर ओलं होऊ देऊ नका, खाज सुटली तर काडी घालू नका. कोकराला रात्री पोत्यावर निजवायला शालूला सांगा.

माझ्या शेजारच्या अंथरुणावर सिद्धोधन आहे, मानवतचा. पंक्चरचं सोल्यूशन फडक्यावर घेऊन हुंगायचा. इथं ते मिळेना, तर त्यानं भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. एकदा नाही, थांबेचना. मी मागून मिठी मारून धरलं तर माझ्या दंडाला चावला, मांस वर आलं. मग शांत झाल्यावर माझीच दस्ती त्या जखमेवर दाबून रडत बसला. त्यानं एका माणसाला चाकू मारलाय आणि ते त्याला खरंच आठवत नाही. रोज मला विचारतो, तो माणूस जगला असंल का रे? दादा, नशा मी इथं पाहिली. तुम्ही पत्रातून शिकवता ती नशा नव्हे.

परवा मॅडमनी बसवलं. अर्पिता मॅडम नाव आहे. एकट्यानं घेतलीस का, घेतल्यावर केलेलं विसरलास का, घरचे म्हणतात का कमी कर, असं बरंच विचारलं. मी सगळ्याला नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, घाबरू नकोस, खरं सांगितलंस तर मदतच होईल. मी म्हणालो, खरंच सांगायलोय. मला धरून आणलं त्याच रात्री लघवी तपासायला घेतली होती, तिच्यातही काही निघालं नाही. किशनरावला सांगा, लघवीला मान खाली घालायला शिकवता येत नाही.

मी शुद्धीत होतो. कुऱ्हाड उचलली तेव्हा धार तुमच्याकडं होती. मी ती हातात फिरवली, मागचा बोथट तुंबा पुढं घेतला आणि मग घातली. गुडघ्यावर घातली, खाली बसला नाहीत म्हणून खांद्यावर घातली. डोक्यावर घालायची नाही हे ठरवलं होतं. हाड फुटल्याचा आवाज मला अजून येतो, जेवताना येतो. पण नशेत असतो तर कुऱ्हाड फिरवायचं सुचलं नसतं आणि तुम्ही आज मला पत्र लिहायला नसता.

आणि तुम्हीही शुद्धीत होता.

मी मेंढरांच्या वाड्यात कोकरं मेंढ्यांखाली सोडत होतो. पाव्हणे गेले आणि तुम्ही वाड्याच्या मागं आलात. गारठलेल्या कोकरांना चोळायला ठेवलेली दारूची बाटली काढलीत. मला वाटलं, गेली शपथ. पण तुम्ही प्यायला नाहीत. चूळ भरली, खळखळ केली, थुंकून टाकली. थोडी हातावर घेऊन सदऱ्याला चोळली. बाटलीचं बूच नीट लावून ती जागेवर ठेवली आणि घरात गेलात.

लहानपणी आई मला सांगायची, आदिनाथ, दादा आलेत, मांडीवर बस आणि तोंड हुंगून ये. वास आला म्हटलं की ती शालूला आणि मला शेजारी पाठवायची आणि स्वतः थांबायची. मी कितीदा तुमचं तोंड हुंगलंय. त्या दिवशी वाड्यात उभा राहून मला ते सगळे दिवस पुन्हा मोजावे लागले. कोणत्या दिवशी दारू पोटात होती आणि कोणत्या दिवशी नुसती तोंडात?

आई पाव्हण्यांपुढं काय म्हणाली होती? "आता देवाच्या शपथेनं दारू सुटलीय, आधी लय मारायचे, आता सुखाची भाकर खाते." हसून म्हणाली होती, तुमचं कौतुक म्हणून. त्याच्यासाठी तुम्ही चुलीतलं जळतं लाकूड ओढलंत आणि तिच्या डोळ्यात घातलंत. ती ओरडत होती आणि तुम्ही तिचा अंबाडा धरून ते दाबत होता. "जरा लागलंय" काय लिहिता, दादा? डॉक्टरांनी डोळा काढला. काकांनी मला सांगितलं.

मी हे सगळं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, आई म्हणते चुलीवर पडले, वडील म्हणतात आठवत नाही, गाव म्हणतं दोघेही प्यालेले होते. तुझ्या एकट्याच्या शब्दावर मंडळ किती विसंबेल? म्हणून लिहितो. तुम्ही मंडळापुढं या आणि सांगा की त्या दिवशी मी प्यालो नव्हतो आणि बायकोला मारत होतो. एवढंच सांगा. माफी मागू नका, ती मला नको.

नाही सांगितलंत तर मी तीन वर्षं राहीन. बारावी गेली तर गेली. पण नशेत होतो असं म्हणणार नाही. मी नशेत होतो म्हटलं की तुम्हीही नशेत होता हे खरं ठरतं, आणि मग आईचा डोळा कोणीच काढलेला नसतो.

आदिनाथ


वाडी
९ फेब्रुवारी २०२५

आदिनाथ,

पत्र पावलं. आधी काय केलं ते सांगतो. वाचलं आन् कुबडी उचलून रायभानला घातली. माज्या घरातली बात तिकडं नेतो काय रे भाड्या, म्हनलं. कानामागं फुटलं त्याचं, रगात मानंवरून सदऱ्यात गेलं. शालू मदी आली, तिला ढकलली ती उंबऱ्यावर जाऊन आदळली. चुलीपाशी कोकरू होतं, त्याला लाथ घालायला पाय उचलला आन् पाय तर मोडका, मीच तोंडावर पडलो. पडल्या जागी तुला आईवरून शिव्या घातल्या. आसली अवलाद माज्याच पोटी कामून आली म्हनलं.

शालू उठली. कोपराचं रगात पुसलं आन् लांब उभी राहून म्हनली, "दादा, आज चूळ भरायची राहिली वाटतं."

म्हंजी तिलाबी ठावं होतं. समद्या घराला ठावं होतं आन् मी आपला खुश, वाडीला कसं येडं बनवलं म्हनून.

तीन-चार रोज भाकर गोड लागली न्हाई. मग जीप करून पोखर्णीला गेलो. जीपवाल्याला म्हनलं, देवाला जायचंय. देवाला गेलोच न्हाई, सरळ तुज्या मामाच्या दारात. तुजी आई ओसरीवर तूर पाखडत बसली होती, डोळ्यावर पट्टी. मी म्हनलं, मनकर्णे, घरी चल. ती उठली. जवळ आली. माज्या तोंडापाशी नाक आनून हुंगलं. मला वाटलं, आता खुश होईल, वास न्हाई म्हनून. आन् ती मागं सरली. सुपाला पाय लागून समदी तूर सांडली तरी सरायलीच, भिंतीला पाठ टेकली तरी सरायलीच, "भाऊ, भाऊ" करून तुज्या मामाला हाका मारायली. शुद्धीतला मी काय करतो ते तिला ठावं हाय, प्यालेलो आस्तो तर एवढी भ्याली नसती रे. भाकर वाढली आस्ती.

मामानं गचांडी धरून मला जीपमदी कोंबलं. मी हात उचलला न्हाई. वाटभर रडलो. जीपवाला म्हनला, पाटील, देव लय पावला वाटतं.

परवा तुजी अर्पिता मॅडम वाडीत आली चौकशीला. देवळापुढं सतरंजी टाकली, बाया पायरीखाली बसल्या. सटवाजी आबा म्हनले, "बाई, पोरगं नशेत, बाप नशेत. घागर ओतली की मिटतंय. तुमीबी मिटवा." ती म्हनली, "मुलाच्या तपासणीत काहीच निघालं नाही." किशनराव म्हनला, "मशिनीचं काय घेऊन बसलात!"

मी कुबडीवर उभा राहिलो. म्हनलं, मॅडम, त्या दिवशी मी प्यालो नव्हतो. बायकोला शुद्धीत मारलं.

आबा हसले. "सकाळीच लावली का रे चंद्रभान? बाई, ह्याचं लिवून घेऊ नका, प्यालाय त्यो." आन् पोरांना म्हनले, घागर आना. आता बग, आजवर खोटं बोललो ते समद्यांनी खरं धरलं. आन् जिंदगीत एकदा खरं बोललो तर म्हनतेत प्यालाय!

पोरांनी घागर आनली. आबा वर उचलायला गेले तशी मी कुबडीनं ठोकर मारली. घागर पान्यासकट गडगडत पायऱ्या उतरली. महारुद्र धावून आला, "देवाच्या घागरीला हानतो व्हय!" म्हनून माज्या तोंडावर बुक्की घातली. दात पडला. खाली पडलो तर पलस्तरवर पाय देऊन उभा राहिला. गुडघ्यात जी काई कळ उठली ना, डोळ्यापुढं काळं झालं. मॅडम वरडायली, सोडा, सोडा त्यांना. मी तिला म्हनलं, बाई, ह्याला राहू द्या, तुमी इचारा. माज्या लेकाला जे इचारलं ते समदं मला इचारा.

ती खाली बसली. तिनं इचारलं, "प्यायल्यावर केलेलं विसरता का?"

म्हनलं, मॅडम, प्यालो की मला झोप लागते. भाकर तोंडात घालायची शुद्ध राहत न्हाई, हात काय उचलनार? पिऊन म्या कवा एक चापट मारली न्हाई. मारलं ते समदं शुद्धीत मारलं. विहिरीवर लोंबवली तेबी शुद्धीत. डोळ्यात लाकूड घातलं तेबी शुद्धीत. मारायचं ठरलं की चूळ भरायची आन् सकाळी घागर घ्यायची, आसं चाललंय माजं आजवर. माजं पोरगं आईला सोडवायला आलतं.

मग पायरीखालून महारुद्राची भावजय म्हनली, "आमच्या घरी बी तसंच हाय." मोडलेला हात पदराखाली होता तिचा, तो तिनं बाहेर काढला. तिच्यामागं पार्वतीबाई उठली, आबांची सून. ती नुसती उभी राहिली आन् आबांकडं बगत राहिली. महारुद्रानं माज्या गुडघ्यावरचा पाय काढून घेतला.

मॅडमनं लिवून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. गुरुवारी मंडळापुढं बोलवलंय. तिथंबी हेच सांगनार. किशनराव जाता जाता म्हनला, चंद्रभान, पोरगं सुटंल पन तू आत जाशील. म्हनलं, ठावं हाय. आबांनी वाळीत टाकलं मला. मेंढरं रायभानकडं दिलीत. कान बांधून हिंडायलाय बिचारा, तरी न्हाई म्हनला न्हाई.

भ्या वाटायलंय, आदिनाथ. लय वाटायलंय. आजवर काई बी केलं तरी सांगायला एक बहाना होता, आता न्हाई. माफी मागू नका म्हनलास, मागत न्हाई. तू कुऱ्हाड हातात फिरवलीस तेवढं पत्रातलं पुन्हा पुन्हा वाचतो. माज्या हातात लाकूड होतं तवा मला काई फिरवायचं सुचलं न्हाई. तू माज्यावर गेला न्हाईस, लय बरं झालं.

सिद्धोधनला सांग, इसरलं ते बरं नसतं, पन ध्यानात राहून केलेलं त्याहून वंगाळ आस्तं. दंडाची जखम चिघळू देऊ नको.

सुटलास की आधी पोखर्णीला जा. आईला म्हन, घरी शालू एकलीच हाय, घर मोकळं हाय, आता चल. माजं नाव काढू नको. नाव काढलंस तर ती यायची न्हाई.

चंद्रभान